गजरानं चोरलेला पान्हा

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी ज्ञानूनं बायकोचं, बयाबाईचं, हिरव्या काठाचं लुगडं खुंटीवरून काढलं, गोठ्यात नेलं आणि विजारीवरच गुंडाळलं. निऱ्या काही जमल्या नाहीत. त्यानं कमरेला गाठ मारली, डोक्यावरून पदर घेतला आणि बादली घेऊन गजरा म्हशीच्या कासेपाशी बसला.

लुगडं धुतलेलं नव्हतं. दवाखान्यात जायच्या दिवशी बयाबाईनं ते बदलून खुंटीवर ठेवलं होतं, आणि ती परत आली नाही. सुनेनं, संयोगितानं, एकदोनदा ते धुवायला मागितलं. ज्ञानू नको म्हणाला. त्या लुगड्याला पेंडीचा, शेणाचा आणि बयाबाईचा वास होता.

बाईच्या हाताला सवकलेली म्हैस पुरुषाला पान्हवत नाही, हे कसबा बावड्यात कुणाला सांगावं लागत नाही. बायको माहेरी गेली की कितीतरी जण असं लुगडं नेसून धार काढतात आणि मग महिनाभर गल्ली हसते. फरक एवढाच, की त्यांच्या बायका चार दिवसांनी परत येतात.

गजरानं मान वळवली. पदर हुंगला. मग ती लांब रेकली आणि ज्ञानूला वाटलं, आता सोडते. बयाबाई म्हणायची तसं तो हळूच म्हणाला, "ये बाय, सोड गं."

आवाज त्याचाच होता. गजरानं पाय झाडला आणि बादली भिंतीवर जाऊन आदळली.

ज्ञानू तसाच दगडावर बसून राहिला.

बयाबाई गेल्यावरही रेडकू होतं तोवर कसंबसं चाललं होतं. रेडकू लावलं की गजरा पान्हवायची आणि संयोगिता धार काढून घ्यायची. दिवाळीच्या तोंडावर रेडकू मेलं. तेव्हापासून गजरानं संयोगिताच्या हातालाही पान्हा चोरला तो चोरलाच. कास ताठली, हात लावला की ती थरथरायची. काल गुरांचा डॉक्टर येऊन गेला. सुई टोचून पान्हा आणणं त्याला पटत नव्हतं. तो म्हणाला, आज धार निघाली नाही तर ही कास कायमची जाईल, सवयीचं माणूस बघा. सवयीचं माणूस कुठं गेलं ते त्याला ठाऊक नव्हतं आणि ज्ञानूनं सांगितलं नाही.

मुलगा अमरसिंह शिरोलीच्या एका कारखान्यात कामाला होता. त्यानं म्हशींच्या व्यापाऱ्याला आज दुपारी बोलावलं होतं. "आबा, डोळ्यांदेखत खराब करायची का तिला?" एवढंच तो म्हणाला होता. त्याचं चुकत नव्हतं. पण गजरा गेली की बयाबाईच्या हाताखालचं जिवंत असं घरात काही उरणार नव्हतं. हे ज्ञानूला कुणाला सांगता आलं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून संयोगितानं हे सगळं बघितलं. शेजारी आक्का उभी होती. आक्का ज्ञानूची थोरली बहीण, गारगोटीला दिलेली, वहिनीच्या माघारी पहिला सण म्हणून भावाजवळ राहायला आलेली. घरात कढई चढली नव्हती. आक्कानं आणलेला लाडवांचा डबा कुणी उघडला नव्हता.

भावाला लुगड्यात बघून आक्काला हसू आलं. तिनं तोंडाला पदर लावला. पदर काढला तेव्हा ती रडत होती.

"सांग की त्याला," आक्का म्हणाली.

"मला आत्तींनी शपथ घातलीया. तुमी सांगा." आत्ती म्हणजे तिची सासू, बयाबाई.

"मला पण घातलीया."

चहा उतू जायला आला तसा संयोगितानं गॅस बारीक केला.

ती गडमुडशिंगीहून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं गेलं होतं, की पलीकडच्या दारात पाऊल टाकायचं नाही. पलीकडं म्हणजे एका भिंतीआड ज्ञानूचा धाकटा भाऊ केरबा आणि त्याची बायको धोंडुबाई. का जायचं नाही, याला प्रत्येकाचा शब्द वेगळा होता. सासरे म्हणाले, वैर आहे. अमरसिंह म्हणाला, जुनी खुन्नस आहे, तू डोक्याला ताप करून घेऊ नको. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, भाऊबंदकी, दुसरं काय असणार. केरबा पारावर बसून उभा दावा म्हणतो असं कानावर यायचं. एकटी सासू म्हणाली होती, "पुरुषांचा अबोला हाय." जसं काही दोघं परवाच रुसलेत. नवी सून म्हणून संयोगिता काही बोलली नाही, पण सासू भोळी आहे असं तिनं मनात धरलं.

मग गेल्या वर्षी बयाबाई परड्यात पाय घसरून पडली. उजवा हात मोडला आणि कोपरापर्यंत प्लॅस्टर आलं. गजरा तेव्हा भर दुधात होती. ज्ञानू पहाटे उसाला पाणी पाजायला मळ्यात जायचा. तो वळणावर दिसेनासा झाला की परड्याचं मागचं दार वाजायचं आणि धोंडुबाई आत यायची. ती धार काढायची, बयाबाई गजराच्या तोंडाशी उभी राहायची. दोघी हळू आवाजात बोलत राहायच्या. संयोगिताला तेव्हा कळलं, की हे काही हात मोडल्यापासूनचं नाही. नदीवर म्हशी धुवायला दोघी एकाच वेळेला जात होत्या, किती वर्षं ते कुणी मोजलं नव्हतं. एकीची म्हैस अडली की दुसरी मागच्या दारानं येत होती.

संध्याकाळचं दूधही कमी झालं नाही. ज्ञानू डेअरीत दूध घालायला गेला की तिथंच बसायचा, तेवढ्यात धोंडुबाईची दुसरी खेप व्हायची, आणि ते दूध दुसऱ्या दिवशीच्या कॅनमध्ये जायचं. ज्ञानूनं एकदा विचारलं, हात मोडलेला असताना हे जमतं कसं. बयाबाई म्हणाली, "डाव्या हातानं काढतो." ज्ञानूनं ते मानलं. एवढंच नाही, तर डेअरीच्या कट्ट्यावर चार माणसांत अभिमानानं सांगितलं. माणसं एकमेकांकडं बघून गप्प बसली.

घरात भोळं कोण आहे ते संयोगिताला तेव्हा समजलं. पण बयाबाई गेल्यापासून ज्ञानू घराबाहेर पडत नव्हता, त्यामुळं धोंडुबाईला मागच्या दारानं येता येत नव्हतं.

"त्यांनी शपथ काय घातलीती?" आक्कानं विचारलं. "नीट आठव."

"ह्यातलं मामांना बोलायचं न्हाय म्हणून." सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"मग बोलू नको."

संयोगितानं कपात चहा ओतला आणि गोठ्यात गेली. कप तिनं सासऱ्याच्या हातात दिला. मग गजराच्या गळ्यातली साखळी सोडली, जाऊन पुढचं फाटक उघडलं आणि बाजूला उभी राहिली. एक शब्द बोलली नाही.

"अगं, काय करतीस?" ज्ञानू म्हणाला. गरम चहा त्याच्या विजारीवर सांडला. तोवर गजरा गोठ्याच्या बाहेर होती.

बाहेर पाडवा ऐन रंगात आला होता. पोरांनी गाड्यांचे सायलेन्सर काढले होते. भादरलेल्या, तेल लावून चकचकीत केलेल्या म्हशी शिंगांना रंग आणि गळ्यात गोंडे घालून मालकाच्या गाडीमागं पळत होत्या. कोण हाक मारून म्हैस थांबवून दाखवत होतं, कोण गाडीच्या मागच्या चाकावर तिचे पुढचे पाय ठेवायला लावत होतं. त्या सगळ्या गोंगाटात बिनरंगाची, बिनगोंड्याची गजरा संथ चालीनं आली. तिच्यामागून बायकोच्या लुगड्यात ज्ञानू अनवाणी पळत आला, एका हातात रिकामी बादली आणि दुसऱ्या हातात निसटणारा पदर.

कुणीतरी शिट्टी मारली. दोनतीन पोरं हसली. मग एका म्हाताऱ्यानं त्यांना शिवी दिली आणि गाड्या एकेक करून बंद झाल्या. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, ते लुगडं कुणाचं.

गजरा कुणाकडं न बघता चालत गेली. तिला लांब जायचं नव्हतं. ती भिंतीला वळसा घालून पलीकडच्या दारात गेली आणि तिथं उभी राहिली.

केरबा कट्ट्यावर बसला होता. म्हैस दारात आलेली बघून तो उठला नाही.

त्याला ती चांगली ओळखीची होती. गंगीची नात. वडिलांनी वाटण्या केल्या तेव्हा जमीन आणि घर यांवरून दोघा भावांत चकार शब्द निघाला नव्हता. सगळं अडलं ते गंगी म्हशीवर. वडील म्हणाले, दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभारा, ती जिकडं जाईल त्याची. गंगी मधोमध थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तेवढ्यात भिंतीआडून बयाबाई खोकली आणि गंगी सरळ ज्ञानूकडं गेली. केरबा म्हणाला, वहिनी मुद्दाम खोकली. ज्ञानू म्हणाला, तिला आठ दिवस खोकला आहे, औषध चालू आहे. एवढ्यावरून शब्द वाढला. केरबानं वडिलांसमोर शपथ घेतली, की या म्हशीच्या वंशाचं दूध माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. ज्ञानूनं शपथ घेतली, की तुझ्या दारात मी पाऊल टाकणार नाही. वडील गेले, गंगी गेली, गंगीची मुलगी गेली. अबोला तसाच राहिला. बयाबाईच्या सरणापाशीसुद्धा केरबा लांब उभा राहिला होता आणि दोघांची नजरानजर झाली नव्हती.

आणि आता गजरा त्याच्या दारात उभी होती आणि फुसफुसत होती.

धोंडुबाई आतून आली. तिनं म्हैस बघितली, तिची कास बघितली आणि हातातला तांब्या खाली ठेवला. ती पायरी उतरणार तोच गटारापलीकडं ज्ञानू येऊन थांबला. त्याला धाप लागली होती. धोंडुबाईनं पदर पुढं ओढला आणि ती जागीच थांबली.

ज्ञानूच्या पायांपुढं वीतभर रुंद गटार होतं. त्याच्या अलीकडं तो उभा होता.

केरबानं भावाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. त्याला हसू आलं नाही. पण काहीतरी बोलल्याशिवाय त्याला राहवेना.

"या वेळी कोण खोकलं?" तो म्हणाला.

गल्ली ऐकत होती.

"कुणी न्हाय," ज्ञानू म्हणाला.

वाटणीनंतर दोघा भावांचे हे पहिले शब्द.

ज्ञानू म्हशीकडं बघत राहिला. गजरा धोंडुबाईकडं बघत होती आणि मान हलवत होती. बयाबाईची चाहूल लागली की ती अशीच मान हलवायची. ज्ञानूनं हे हजारदा बघितलं होतं. म्हैस परक्या माणसाला बघून असं करत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो धोंडुबाईच्या हातांकडं बघायला लागला.

"डावा हात," तो हळू म्हणाला.

धोंडुबाईनं हात पदराआड घेतले. संयोगिताच्या आधारानं आक्का मागून येऊन पोचली होती. ती म्हणाली, "ज्ञानबा, डाव्या हातानं बारा लिटर दूध निघतं व्हय रं? म्हशी राखण्यात जलम गेला तुझा."

ज्ञानूनं ऐकलं की नाही कळलं नाही. त्याची नजर केरबाच्या दारावर गेली होती. दारात रांगोळी नव्हती. आकाशकंदील नव्हता. आतल्या गोठ्यात केरबाच्या मुलाच्या, विजयसिंहाच्या म्हशी दिसत होत्या. दर पाडव्याला याच म्हशींभोवती सगळी गल्ली गोळा व्हायची. आज त्यांच्या शिंगांना रंग नव्हता.

"तुमी का न्हाय सण केला?" त्यानं विचारलं.

केरबाला प्रश्नाचाच राग आला. "का म्हंजे? आमच्या घरातलं माणूस गेलंय की."

ज्ञानू खाली गटाराकडं बघत राहिला. गजरा पुन्हा रेकली. आता तिचा आवाज दुखण्याचा होता. धोंडुबाईचा हात पुढं झाला आणि मागं आला. बयाबाईला तिनंही शब्द दिला होता, ज्ञानूला कळू द्यायचं नाही म्हणून. आता कळलं होतं, तरी म्हैस त्याची होती आणि तो काही म्हणाला नव्हता.

ज्ञानूनं गटार ओलांडलं. बादली तिच्यापुढं ठेवली.

"धोंडुबाय," तो म्हणाला, "धार काढ तेवढी."

धोंडुबाई बसली. तिनं तांब्यातलं पाणी कासेवर मारलं, चारी सडांवरून ओला हात फिरवला आणि कपाळ गजराच्या कुशीला टेकवलं.

"ये बाय, सोड गं," ती म्हणाली.

ज्ञानूनं कान दिला. चाल तीच होती, शेवटी तेच जरा लांबवलेलं 'गं'. मग त्याला आठवलं, की आई अशीच म्हणायची. दोघी सुना एकाच सासूजवळ धार काढायला शिकल्या होत्या.

गजराच्या अंगावरून एक शहारा गेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पहिली धार बादलीच्या तळाला वाजली. पाठोपाठ दुसरी. पहिल्या धारा फाटलेल्या, पिवळट निघाल्या. धोंडुबाईनं ते दूध जमिनीवर टाकलं आणि पुन्हा बसली. त्यानंतर पांढरी आली. बादलीतला आवाज जाड होत गेला, फेस वर आला. गजरानं डोळे अर्धे मिटले आणि ती रवंथ करायला लागली. रेडकू गेल्यापासून तिनं असा निवांत रवंथ केलेला कुणी बघितला नव्हता.

गल्लीत कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला. गाड्या परत सुरू झाल्या, पण जरा लांब जाऊन.

अमरसिंह गर्दीतून आला. त्यानं बादली बघितली, बापाला बघितलं आणि खिशातला फोन काढून बाजूला गेला. व्यापाऱ्याला तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा नुसता म्हणाला, "येत न्हाय तो."

ज्ञानू कट्ट्यावर बसला. केरबा थोडा सरकला. दोघांत हातभर जागा राहिली.

"तुला ठावं हुतं?" ज्ञानूनं विचारलं.

"बायको पहाटं रिकामा तांब्या घिऊन जाती आणि भरलेला घिऊन येती. मी काय आंधळा हाय?"

"मग दूध आत कसं घेतलंस? शपथ हुती तुझी."

"मी कुटं घेतलं? मी च्या प्यालो. दूध कुणाचं ते इचारलं न्हाय. इचारलं असतं तर शपथ मोडली असती."

आक्का हसायला लागली आणि तिला थांबता येईना. ज्ञानू मात्र हिशोब लावत बसला होता. केरबाला माहीत होतं. संयोगिताला, आक्काला, डेअरीच्या कट्ट्यावरच्या माणसांना माहीत होतं. बहुतेक म्हशींनासुद्धा माहीत होतं.

"म्हंजे मी एकटाच," तो म्हणाला.

"एकटाच," आक्का म्हणाली. "वैराची राखण करत बसलास बाबा. बाकीची सगळी कवाच घरला गेलती."

ज्ञानूला राग यायला हवा होता. त्यानं वाट बघितली, पण राग आला नाही. छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला केलं असं त्याला वाटलं. मग त्याला बयाबाईचा विचार आला. ती रोज पहाटे त्याच्याआधी उठायची, मळ्यात जाताना चहा द्यायची, मागच्या दाराची खीळ काढून ठेवायची. इतकी वर्षं तिनं त्याला हरू दिलं नव्हतं आणि घरही तुटू दिलं नव्हतं. त्यानं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. आपण अजून लुगड्यातच आहोत हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्यानं गाठ सोडली, लुगडं काढलं आणि घडी घालायचा प्रयत्न केला. संयोगितानं पुढं होऊन ते घेतलं. "धुऊन टाकतो, मामा," ती म्हणाली. तो नको म्हणाला नाही.

"ती खोकली ते खरं का खोटं?" केरबानं अचानक विचारलं. "आता तरी सांग."

"तिला खोकला हुता, केरबा."

"औषध चालू हुतं?"

"व्हय."

केरबानं मान हलवली. पटलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पण त्यानं बायकोला हाक मारून सांगितलं, या दुधाचा चहा टाक. आणि आक्कानं तिचा लाडवांचा डबा आणायला अमरसिंहाला पिटाळलं.

धोंडुबाई उठली. बादली भरली होती. तिनं ती ज्ञानूसमोर कट्ट्यावर ठेवली आणि पदर नीट केला.

"चार दिवस दोनी वेळेला काढायला पायजे," ती म्हणाली. "कास मऊ पडंपर्यंत. सांजचं येतोच. उद्या पहाटं पण येतो, भावजी."

"मागच्या दारानं येऊ नको," ज्ञानू म्हणाला. "पुढच्या दारानं ये."

धोंडुबाईनं रिकामा तांब्या उचलला. "पुढच्या दाराला आतनं अडसर असतोय. पहाटं उठून काढणार कोण? बया उठायची."

बयाबाई गेल्यापासून ज्ञानू उजाडून ऊन अंगावर येईपर्यंत अंथरुणात पडून राहायचा. उसाचं पाणी अमरसिंह बघायचा. उठायचं कशासाठी, हे त्याला रोज सापडत नव्हतं.

"मी उठतो," तो म्हणाला.